येहीनबाईच्या चोळीतला उंदीर

माय, तुह्यं गानं अजून माह्या फोनमदी हाय. ताईच्या लग्नातलं, हळदीच्या दिवसाचं. तू ताईच्या सासूसमोर, म्हंजे तुह्या येहीनीसमोर, उभी राहून म्हनून राहिली, "येहीनबाईच्या चोळीत शिरला उंदीर, येही म्हने मी पाहून राहिलो दुरून." मांगं बाया हासतात, मंग तुलेच हासू येते आन गानं तिथंच तुटते. त्याच्या पुढच्या वर्सी तू गेली. तुह्या आवाजाचं घरात एवढंच उरलं.

आता हा नवा कायदा आला. मोबाईलवर अश्लील काई पाठवलं तं सजा, म्हनतात. पन अश्लील म्हंजे काय, ते कोनी धड सांगत नाई. मी सौंसरले संत्र्याच्या शेडवर छाटनीले, संत्रे निवडाले, जाते, तिथं दिवसभर हेच. एकीनं नातवाचा आंघोळीचा फोटो पुसला, मुकादमानं आख्खा ग्रुपच बंद केला. दुसरी म्हने, माह्या नवऱ्याची रोजची बोलीच अश्लील हाय, त्याले घेऊन जा म्हना आठ दिवस. सगळ्या हासल्या, पन जेवनाच्या सुट्टीत सगळ्या फोन पुसतच बसल्या. कायदा नको, असं मी नाई म्हनत, माय. नववीत माह्या नंबरवर पोरं जे पाठवत होते ना, त्याच्यापायीच मी शाळा सोडली. बाबाले सांगतलं, अभ्यास जमत नाई. तोंडावर त्यातला एकही कधी बोलला नाई. पन त्या घानीत आन तुह्या गान्यात फरक कोन करन? बाबा पांढुर्न्याहून आले ते भेवूनच आले. कोन्या मानसानं जोक पाठवला म्हनून त्याले पोलीस थान्यात बोलावलं म्हने, खरं का खोटं मालूम नाई. जेवता जेवता ताटाकडे पाहूनच मले म्हने, "तुह्या मायचं ते गानं पुसून टाक. मेलेल्या बाईचं नाव थान्यात नको."

मी फोन हातात घेतला आन मले तो नळावरचा दिवस आठवला. ताईच्या लग्नानंतर मी तुह्यी नक्कल करून मोठ्या मायच्या, तुह्या मोठ्या जावेच्या, पाठीमांगं हेच गानं म्हनत होती. तू मले कान धरून तिच्या दारात नेलं. "समोर म्हन," म्हने तू. "ते हासली तं गानं, नाई तं शिवी." मी नुसती रडली. मोठ्या मायनं तरी चिमूटभर साखर तोंडात टाकली. जिच्यावर गानं म्हटलं, तिनं गानारीचं तोंड गोड कराचं, हा आपला रिवाज. त्या दिवशी मी तं काईच गायली नव्हती.

म्हनून मंगळवारी मी शेडले सुट्टी मारून रामाकोन्याले ताईच्या सासूकडे गेली. तो येही, ताईचा सासरा, आता राहिला नाई, माय, मागच्याच वर्सी गेला. मले वाटलं, गानं ऐकून सासू रडन, मंग पुसून टाकू. तिनं फोन कानाले लावला. एकदा ऐकलं, मंग पुन्हा लावाले सांगतलं. आन पदर तोंडाले लावून अशी हासली का, ताई सयपाकघरातून पाहाले आली. "खरंच दुरून पाहे गं तो," म्हने, आन डोये पुसले. मंग साखरेचा डबा घेऊन आली, पन झाकन काई उघडे ना. म्हने, "गानारी तं नाई इथं. तू म्हन, मंग देते."

मी म्हटलं, माय. साखर भेटली.

बाबाले मी सांगतलं का पुसलं. त्याईनं मान हलवली, मंग इचारलं, "पुरं पुसलं का?" मी हो म्हटलं. हे लिहिलेलं कुठं पाठवाचं नाई, तुह्या गान्याच्या बाजूलेच ठेवते. आन एक सांगाचं राहिलं. पहिली ओळ मी ताईच्या सासूकडे पाहून म्हटली. दुसरी, येहीवाली, खाली पाहून.