नऊ वेळा नऊ

४ मार्च, मंगळवार

काम तिला दिलं!

उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत लिहिणाऱ्या रुग्णांना वेबसाइटवरचा फॉर्म धड भरता यावा — हे काम माझं होतं. रुग्णालयाचा हा नावनोंदणीचा फॉर्म अकरा वर्षांपूर्वी मी एकट्याने उभा केला. कॉलेजची पायरी न चढता, रद्दीतली पुस्तकं वाचून. ओळ न् ओळ माझी. इथल्या नऊ आकडी फोन नंबरात दर तीन आकड्यांनी आपोआप मोकळी जागा पडते, तीसुद्धा माझीच कल्पना. आणि साहेब म्हणतात, "तिला करू दे, तुम्ही जुनं सांभाळा."

पदवी घेऊन आलेली नवी पोरगी, ऑफिसात येऊन चार महिने झालेत. मला काका म्हणते. मी हिचा काका कधी झालो?

६ मार्च

तिने सगळ्यांना करून दाखवलं. कर्सर उजव्या कडेला उभा, अक्षरं गुमान डावीकडे सरकतायत. मी फक्त मजकूर उजवीकडे ढकलला होता. पत्त्यात शेवटी स्वल्पविराम दिला की तो जाऊन सुरुवातीला बसायचा. हिने अख्ख्या फॉर्मची दिशाच फिरवली.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन.

घरी गेलो तर बायको म्हणते, "काहीतरी करपल्याचा वास येतोय. अगंबाई, तुम्ही आलात होय!"

१० मार्च

ऑफिसच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर तसंच लिहितात, उजवीकडून. तिने त्यांना ऑफिसात बोलावून फॉर्म भरायला लावला म्हणे. मास्तर खूश — "भाऊ, तुमच्या फॉर्मात पत्ता लिहिताना घाम फुटायचा. पोरगी हुशार आहे हो!"

नऊ वर्षं यांच्याकडे पँटी शिवून घेतोय. मला एकदाही बोलले नाहीत. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

११ मार्च

सापडलं!!

चाचणीच्या फॉर्मात तिने फोन नंबर म्हणून काय टाकलंय? नऊ वेळा नऊ. प्रत्येक वेळी. मास्तरांकडूनही तेच टाकून घेतलं. मी माझा खरा नंबर टाकला. ४१२ ७५८ ९०३ — दिसला ९०३ ७५८ ४१२! आकडे त्या लिपीतही डावीकडूनच वाचतात, पण हिने नंबराचा रकानाही फिरवून ठेवलाय, त्यामुळे तिन्ही गट उलट्या क्रमाने बसतात. सगळे नऊच असले तर कोणाला काय कळणार?

आत नंबर बरोबरच साठतो. नुसता दिसतो उलटा. म्हणजे नुकसान काही नाही.

सांगितलं नाही. पदवी आहे ना, शोधेल.

१२ मार्च

सांगणार होतो. तेवढ्यात तिने चहा आणून ठेवला — बिनसाखरेचा, लक्षात ठेवून. त्याने तर डोक्यात जास्तच तिडीक गेली.

१३ मार्च

फॉर्म सुरू झाला. साहेबांनी तिचं नाव घेतलं. मी पाणी प्यायला गेलो.

२० मार्च

मास्तरांकडे पँट घ्यायला गेलो. त्यांच्या बायकोला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, बटणांची काजं करायचं तिचं काम बंद पडलंय. ऑपरेशनसाठी मास्तरांनी चौदा तारखेला फॉर्म भरला. पाळी आली की फोन येतो.

"अजून फोन नाही आला, भाऊ. आणि तुमचा फॉर्म जरा येडाच आहे. नंबर उलटा दिसत होता. मग मी डोकं लढवलं — शेवटचे तीन आधी टाकले, पहिले तीन शेवटी. दिसला की नाही सरळ!"

म्हणजे साठला उलटा.

पँट तिथेच विसरून आलो.

२१ मार्च

सकाळीच तिला दाखवलं. वाद घातला नाही. खुर्ची ओढून बसली आणि शोधत गेली. आकडे सलग असते तर उलटलेच नसते. मधल्या मोकळ्या जागांमुळे गट फिरतात. ती जागा टाकणाऱ्या ओळीवर माझं नाव.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "काका, तुमच्या कधी लक्षात आलं?"

"काल."

दुपारपर्यंत दोघांनी मिळून फॉर्म दुरुस्त केला. एकतीस जणांनी मास्तरांसारखंच डोकं लढवलं होतं. तिने एकेकाचे गट सरळ करून फोन लावले. मास्तरांच्या पाळीचा फोन सतराला गेला होता, भलत्याच माणसाला. पाळी पुढच्याला दिली. आता सात आठवड्यांनी.

मास्तरांना मीच सांगितलं. म्हणाले, "चालायचंच. काजं मी करतोय ना."

२४ मार्च, सोमवार

साहेबांना तिने लिहून दिलंय — "निष्काळजीपणा माझा, चूक काकांनी पकडली, वीस तारखेला."

चाचणीच्या फॉर्मात कोणी, कधी, काय टाकलं याची यादी राहते. उघडली. अकरा तारखेला माझ्या नावापुढे माझा नंबर होता. आज ती ओळ नाही. पुसायचा अधिकार फक्त तिला आहे.

चुकीची यादी मला चालत नाही. ती ओळ कागदावर लिहिली — तारीख, नाव, नंबर — खाली सही केली, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.