पाच खिडक्यांचं फ्रिक्वेन्सी हॉपिंग

४ ऑगस्ट
डिजिटल कम्युनिकेशन अखेर मला शिकवायला मिळालं. विभागप्रमुख रामहरी सर म्हणाले, दुसरं कुणी घेईना म्हणून. त्यांना कौतुक करता येत नाही. मी तासिका तत्त्वावर. २२ला प्राचार्य तासाला बसणार, आवडला तर पुढच्या वर्षीही मी. म्हणजे राहिलोच.
संकल्प: रोज दोन तास वाचन.

५ ऑगस्ट
वाचन नाही. नांदूरघाटहून एसटीत उभं राहून आलो. उभ्यानं मॉड्युलेशन डोक्यात जात नाही.

९ ऑगस्ट
वाचलं. शून्य किंवा एक पाठवायचा तर लहरीची उंची बदला, वारंवारता बदला, नाहीतर फेज, म्हणजे लहर सुरू व्हायची जागा बदला. झालं! एवढ्याला चारशे पानं कशाला?

१२ ऑगस्ट
क्यूपीएसके, म्हणजे फेजच्या चार ठरलेल्या जागा. वहीत चार ठिपके, प्रत्येकात दोन बिट. बायकोनं वहीत डोकावून विचारलं, रांगोळी काढायलात का. मग म्हणाली, ठिपका वाटेत सरकला तर वळखायचा कसा? सांगणारच होतो, पण भाकरी थंड होत होती.

१४ ऑगस्ट
गॅरेजवाल्या मुबीनभाईंची आरजू पहिल्या बाकावर बसते. विचारलं, "सर, सिग्नल मुद्दाम एवढ्या रुंद पट्ट्यात पसरवायचा कावून?" म्हटलं, सोमवारी तूच वाचून सांग. आधुनिक अध्यापन.

१८ ऑगस्ट
आरजूनं सांगितलं. पसरवलेला सिग्नल गोंगाटात लपतो. ज्याच्याकडं तोच कोड, त्याच्याकडं तो पुन्हा गोळा होतो, आणि मधे घुसलेला अडथळाच पसरून पातळ होतो. मला हेच म्हणायचं होतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या मार्गदर्शनाला.

२१ ऑगस्ट
उद्या फ्रिक्वेन्सी हॉपिंगचं, म्हणजे ठरल्या क्रमानं वारंवारता बदलत निरोप पाठवण्याचं प्रात्यक्षिक! पाच खिडक्या म्हणजे पाच फ्रिक्वेन्सी. वर्गातली दोन मुलं घेतली: बाहेर हनुमान, आत तेजश्री. चिठ्ठीतल्या क्रमानं दोघं खिडकी बदलणार, दर खिडकीला एक शब्द पोचणार. मी ताट वाजवून अडथळा. दुसरी चिठ्ठी करताना पहिली सापडेना. आठवून लिहिली. नंतर पहिलीही सापडली.

२२ ऑगस्ट, दुपारी
हनुमान तिसऱ्या खिडकीत ओरडला, तेजश्री पाचवीत उभी. तिसरीजवळ प्राचार्य बसलेले, शब्द त्यांच्या कानात. पुढच्या चारही वेळा चुकामूक. तेजश्री म्हणाली, "सर, मला कायबी आलं न्हाई." मी ताट जोरात वाजवलं. आरजू उठली. "सर, दोघांच्या चिठ्ठ्या येगळ्या हायेत." तिनं एकीवरून दुसरी उतरवली, दोघांना पुन्हा पळवलं. ताट चालू असूनही अख्खा निरोप पोचला. मग उरलेला तास तिनंच घेतला. प्राचार्यांनी वही काढून टिपणं घेतली. मला ताट खाली ठेवायला सांगितलं.

२२ ऑगस्ट, संध्याकाळी
एकूण छाप चांगली पडली.

२९ ऑगस्ट
शेरा आला: "विद्यार्थिनीला विषय उत्तम समजला आहे. अडथळा प्रभावी." पुढच्या वर्षीचं नंतर बघू म्हणे. तोवर आरजू शनिवारी मुलांची उजळणी घेणार, मी हजर राहायचं. देखरेखीसाठी असणार.

३० ऑगस्ट
मागच्या बाकावर बसलो. आरजू छान सांगते. मधेच विचारलं, "सर, समजलं का?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाली, "मग या की फळ्यावर."
पाणी प्यायला म्हणून बाहेर आलोय. तास संपायला अजून पस्तीस मिनिटं आहेत.