जिथं त्याचा हात टेकायचा

दादा, तुम्ही गेल्यानंतर मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुमच्या डोळ्यांदेखत मला खुंटीसुद्धा सरळ ठोकता येत नव्हती. घराचं दार केलं, चौकटीसकट; भर पावसाळ्यात एका बोटानं लोटलं तरी लागतं. रेडिओला सागवानी पेटी केली. नगरच्या पेठेत निम्म्या दुकानांवर माझ्या हातच्या पाट्या आहेत, आणि ट्रकच्या फाळक्यांवर मी काढलेली अक्षरं पार दिल्लीपर्यंत जाऊन आली आहेत. तुमच्या नातवाचा पाळणा केला, पुढं त्याचा पांगुळगाडा केला. यातलं काही कुणी शिकवलं नाही. बघितलं, मोडलं, पुन्हा केलं. आणि आता एक विमान केलंय. हातभर लांब, लढाऊ. खेळणं नव्हे. तुमचा नातू ज्या विमानाची देखभाल करायचा, तेच ते.

तुम्ही त्याला पाहिलं नाही. तुमच्यासारखा डावरा निघाला. शाळेत मास्तरांनी मारून मारून लिहिणं उजव्या हातात घातलं, पण बाकी सगळं डाव्यानंच. विमानदलात मेकॅनिक झाला. एकाहत्तर साली लढाईच्या आधी, गणपतीत, सुट्टीवर आला होता. चुलीपुढं पाटावर बसलाय, भाकरी कालवणात चुरतोय आणि सांगतोय, "अण्णा, वरनं हुकूम आला, चांदीसारखी विमानं ताबडतोब हिरवी-तपकिरी करा म्हणून. एवढे ब्रश आणायचे कुठनं? आम्ही झाडूनं रंगवली. तुम्ही असता तर तिथंच हाणलं असतं मला."

मी म्हणालो, "खाली अस्तर तरी दिलं का?"

तो आईकडं बघून हसला. "बघ, पोरगं लढाईला चाललंय अन् ह्यांना अस्तराची पडलीय." मग म्हणाला, "नाही टिकत तो रंग. पायलटला पट्टे आवळायला मी आत वाकतो ना, तिथं हात टेकून टेकून हिरवा उडालाय. खालची चांदी दिसतीय." कोणता हात, काचेच्या कडेपासून किती खाली, मी काही विचारलं नाही. पुढल्या सुट्टीत विचारता आलं असतं.

लढाई सुरू झाली आणि तो विमानात तेल भरत असताना तळावर बॉम्ब पडले. त्याची ट्रंक घेऊन त्याच्या तुकडीतला एक मित्र घरी आला. चहा हातात धरून बसला होता बिचारा, पीत नव्हता. म्हणाला, विमानाला फारसं काही झालं नाही. मी विचारलं, "तो उडालेला रंग नेमका कुठं होता?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की याचं डोकं ठिकाणावर आहे ना. "काका, तेवढं कोण बघतं? आणि आता ते राहिलंही नसेल. लढाईनंतर सगळी खरवडून पुन्हा रंगवली. नीट, फवाऱ्यानं."

नीट, फवाऱ्यानं. माझ्या पोराच्या हातानं या जगात एक खूण केली होती आणि ती चांगल्या कामगारांनी व्यवस्थित पुसून टाकली. त्यांचं काही चुकलं नाही, मीही तसंच केलं असतं. म्हणून मी विमान करायला घेतलं.

पेपरातल्या फोटोत विमानाशेजारी एक जवान उभा होता, त्याची उंची धरून मापं काढली. लाकूड पांगाऱ्याचं. वरची काच म्हणजे डॉक्टरकडची जुनी एक्स-रे फिल्म, सोड्यात धुऊन, गरम करून वाकवलेली. चाकं इंजेक्शनच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची. आधी सगळं चांदीच्या रंगानं रंगवलं, जिथं जिथं झीज हवी तिथं मेणबत्ती घासली, वरून हिरवा आणि तपकिरी दिला, तोही केरसुणीच्या काड्यांनी, कारण मूळचा झाडूनं होता. वाळल्यावर मेणावरचा रंग फडक्यानं घासला की निघतो आणि खालून चांदी वर येते. तोफांच्या तोंडाला कंदिलाची काजळी लावली. फक्त धूळ राहिली. तिकडची माती आपल्यासारखी काळी नाही, पिवळट आहे म्हणायचा. ट्रंकेतल्या बुटांच्या टाचेत थोडी अडकली असेल म्हणून बूट काढले, तर ते त्याच्या आईनं आले त्याच दिवशी धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवलेले. "मातीनं भरलेले कसे ठिवायचे त्याचे बूट?" ती म्हणाली. विमानावर धूळ नाही.

काम करताना तुमचा घोडेगावचा बैलबाजार सारखा डोळ्यांपुढं येतो. तुम्ही झाडाखाली बसलाय, काचेच्या तुकड्यानं बैलाची शिंगं साळताय, भुसा मांडीवर पडतोय, मग तेल, मग लाल हिंगूळ, आणि थकलेलं जनावर वयानं दोन-चार वर्षं तरणं होऊन दावणीला उभं राहतंय. मला वाटलं आपणही मदत करावी. मी तेलात काजळी कालवून त्याच्या खांद्यावरचा जुवाचा घट्टा झाकायला लागलो. तुम्ही डाव्या हाताची एक अशी लगावलीत की काजळीची वाटी पार रस्त्यावर गेली. "शिंगाचं वय मी झाकतो, ते घेणाऱ्यालाबी ठावं असतं. खांद्याला हात लावायचा न्हाई. ते त्यानं कमावलंय." आणि राग उतरल्यावर माझं बोट धरून त्या घट्ट्यावरून फिरवलंत. "ह्ये बघ, हिकडं जास्त घासलंय. ह्यो उजव्या अंगाला चालत हुता, आन् जोडीदार ह्याच्यापरीस बुटका हुता."

तुम्हाला खूण दिसायची आणि त्यावरून तुम्ही काम ओळखायचात. मला काम ठाऊक आहे आणि खूण सापडत नाही. डावरा माणूस पट्टे डाव्यानं ओढणार, म्हणजे टेकणार उजवा. मी स्टुलावर उभा राहून धान्याच्या कोठीच्या तोंडावर वाकून बघतो, माझा तळवा कुठं पडतो ते. पण मी डावरा नाही आणि माझी उंची त्याच्याइतकी नाही. एका जागी रंग घासून चांदी काढली, पटलं नाही, बुजवली. बोटभर खाली काढली, पुन्हा बुजवली. आता तिथं थरावर थर बसून टेंगूळ आलंय. पाटीवर कुणाकडून असं झालं असतं तर मी ती पाटी परत केली असती. आणि खरं सांगू, मला त्याचा तळहात आठवत नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, शिंक आठवते. तळहात केवढा होता, बोटं आखूड की लांब, काही डोळ्यांपुढं येत नाही. ज्या विमानावर सगळं बरोबर आहे, त्याच्यावर नेमका तोच नाही.

पावसाचं हे दुसरं वर्ष कोरडं चाललंय. ट्रकला रंग द्यायला कुणी येत नाही. तुमची सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. मीही गेलो होतो, पण तिथला मुकादम म्हणाला, "पेंटर, तुमी हिशोबानं फोडताय का काय? एकसारखी नकोय खडी, ढीग पायजे." परवा कोपरगावकडचे एक गृहस्थ जीपवर नंबर घालून घ्यायला आले. साखर कारखान्यावर संचालक आहेत. विमान बघून तिथंच उकिडवे बसले, हात न लावता चहूबाजूंनी बघितलं. "अहो, हे तर आत्ता लढून आल्यासारखं दिसतंय." पाहुण्यांच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवतो म्हणाले, मुलाचं नाव खाली पितळेत घालतो म्हणाले. भला माणूस. मी नाही म्हणालो. का, तर अजून चुकीचं आहे. कुठं चुकलंय दाखवा, म्हणाले. दादा, मला दाखवता आलं नाही.

संध्याकाळी ती कामावरून आली, हाताला फडकं गुंडाळलेलं. शेजारणीनं तिला वाटेतच सांगितलं होतं. "द्यायचं हुतं की. लाकूड हाय ते. त्यात काय त्यो बसलाय व्हय?" मग तिनं विचारलं, "किती देत हुता?"

"शंभर," मी म्हणालो.

तिनं हाताचं फडकं सोडलं. "शंभराला नगं," म्हणाली. "बरं केलं न्हाई दिलं."

तुम्हाला हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. ते आठशे देत होते. रोख.