उलट्या हाताची सवय

मंगळवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

चहा गार झाला, घोटभरही घेतला नाही. सोलर टेक्निशियनच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहितो: आधी मीटर लावा, मग हात. आज येवल्याच्या प्रियांकाने करंट तपासायचा मीटर कमरेलाच ठेवला आणि बोटांची मागची बाजू सरळ तारेला लावली. नशीब, लाईन बंद होती. मी ओरडलोच. ती म्हणाली, "सर, तुम्हीपण असंच बघता की."

बघतो मी? बाकीच्या मुलींनीही माना डोलावल्या. म्हणजे बघतच असणार.

उलटा हात मी लाईनमन असताना माझ्या उस्तादांनी शिकवला. झटका बसला तर हात तारेला चिकटत नाही, मागे फेकला जातो म्हणे. तेव्हा मीटर होतेच कुठे सगळ्यांकडे? पण या मुली पुढच्या महिन्यात छपरांवर चढणार. तिथे ऊन असेपर्यंत पॅनलच्या तारेत करंट असतोच. फळ्यावरचं विसरतील, पाहिलेलं विसरतील का?

आत्ता हिने हाक मारली, "अहो, गीझर बघा ना, चालत नाहीये." गेलो. मीटर टेबलावरच राहिला. प्लगचं झाकण उघडलं, आणि माझा हात आपोआप उलटा झाला.