समुद्रोल्लंघन

॥ बिरदेवाच्या कृपेने सर्वांची वाट निर्विघ्न होवो ॥

एर्नाकुलम,
रथसप्तमी, शुक्रवार, १६ फेब्रुवारी २०२४

चिरंजीव इंद्रजीत यास वडगाव रासाईच्या सावळारामाचे अनेक आशीर्वाद.

इकडील क्षेम. अक्षर पाहून तुला नवल वाटेल, गावाचे नाव पाहून अधिक वाटेल. दौंडला गाडीत बसलो, दोन रात्री बसून काढल्या, आणि गेले चार दिवस खाडीच्या या काठावर एका लॉजमध्ये उतरलो आहे. तुझे घर पलीकडच्या काठावर, फोर्ट कोचीत. पत्ता तुझ्या आईने दिला.

शहर प्राचीन आहे. मासे धरण्याची चिनी जाळी पाहिली, मट्टनचेरीत सुंठ-मिऱ्यांच्या वखारी पाहिल्या. तेथील देवळात पुजारी कोंकणी बोलला, तेव्हा कानांना विसावा मिळाला. परंतु पाहण्यापेक्षा बसमध्येच अधिक वेळ गेला. तुमच्या बाजूस बोट वीस मिनिटांत पोचवते; मी रोज पुलांवरून वळसा घेत होतो, पण तुझ्या दारापर्यंत पाऊल जात नव्हते. पाट्या वाचता येत नाहीत, कंडक्टरचे बोलणे कळत नाही. एकदा भलत्याच थांब्यावर उतरलो आणि भर उन्हात कोसभर चाललो. गुडघे सुजले आहेत.

बसथांब्यासमोरच्या बोटीच्या धक्क्यावर एक बंगाली हमाल रोज मला पाहत असे. म्हणाला, "बाबा, सब लोग बोट से जाता है. आपका पानी से झगड़ा है क्या?"

"शास्त्र में मना है," मी म्हणालो.

"बकरी भी जाता है बोट में. उसको कुछ नहीं होता."

काल गुडघ्यांनी बसची पायरी चढण्यास नकार दिला. धक्क्यावर वाकून खाडीचे पाणी ओंजळीत घेतले, जिभेला लावले. गोड निघाले असते तर नदी मानली असती. खारट होते. तरीही तिकीट काढले.

जे आठवू नये म्हणून तीन दिवस बसने फिरलो, ते बोटीत बसताच आठवले. नऊ वर्षांपूर्वी जहाजावरची पहिली फेरी करून तू घरी आलास आणि मी तुला अंगणातच थांबवले. कलियुगात समुद्रगमन निषिद्ध; मिशी उतरव, पंचगव्य घे, मग उंबरा ओलांड, असे मी आळंदीच्या पाठशाळेत शिकलेल्या आवाजात सांगितले. पाऊण तास तू बॅग खांद्यावर घेऊन उभा होतास.

तुझी आई म्हणाली, "आवं, भटजींनी बी सोडलंय त्ये. तुमची आई मेंढरांमागं हिंडली, तिनं कंचं शास्त्र पाळलं? लेकराला पानी तरी द्या."

मी तिला पाणी देऊ दिले नाही. तू गेलास.

तेव्हापासून मी याला शास्त्रनिष्ठा म्हणत आलो. ती निष्ठा नव्हती. मेंढपाळाचे पोर पोथी सांगते म्हणून गावाने मला पारावर बसवले होते. त्या दिवशी तीच माणसे कुंपणापाशी जमली होती. त्यांच्यादेखत शब्द मागे घेण्याचे धैर्य मला झाले नाही. लेकरू दारातून परत गेलेले मला चालले.

काल मी तुझ्या फाटकाशी पोचलो. सूनबाई साधना कपडे वाळत घालीत होती. तिने मला कधी पाहिलेले नाही, डोक्यावरचा पटका पाहून मराठीतच विचारले, "कोण पाहिजे, बाबा? उन्हात का उभे? आत या, पाणी घ्या."

मी म्हणालो, "पत्ता चुकलो, बाळ." आणि वळलो. ते पाणी घेण्याचा अधिकार मला तुझ्याकडूनच मिळायला हवा होता.

हे पत्र उद्या सकाळी तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकीन. रविवारी दहाच्या बोटीने येईन आणि बाहेर उभा राहीन. मीही आता खारे पाणी ओलांडले आहे. मला कोणते प्रायश्चित्त, ते तू ठरव. बोलावलेस तर आत येईन. न बोलावलेस तर संध्याकाळची गाडी धरीन, आणि दोष माझाच होता हे तुझ्या आईला आणि पारावरच्या मंडळींना माझ्याच तोंडाने सांगेन.

साधनास, नातू चिरंजीव रुद्रास, आणि तुझ्या घरात हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकास, दमून आल्यावर उघडे दार लाभो.

तुझा पिता,
सावळाराम