दादा रजेवर आहे

मंगळवार, ४ मार्च

ती. वहिनी,
सा. न.

सकाळी नऊला कामावर गेलो, सहाला परत आलो. मधे युद्ध होता होता राहिलं. तुमच्या कानावर आलंच असेल.

झालं असं. दहा वाजता आमच्या पडद्यांवर पलीकडच्या देशाची अण्वस्त्रं सुटलेली दिसली आणि त्यांच्या पडद्यांवर आमची. कुणीतरी दोन्हीकडच्या संगणकांत शिरलं होतं. उलट मारा करायचा की नाही, हे ठरवायला सात मिनिटं होती. कुठल्याच संगणकाला न जोडलेला असा दादाचा जुना टेलिफोन तेवढा उरला होता. बावीस वर्षं रोज सकाळी तो त्यावरून पलीकडच्या ऑपरेटरला हवामान सांगायचा आणि वर एक विनोद. सगळे त्याला हसायचे. महिनाभर ते काम माझ्याकडे आहे.

मी त्यावरून पलीकडच्या ऑपरेटरला म्हणालो, आम्ही काही सोडलेलं नाही. तो म्हणाला, आम्हीही नाही, पण तू खरा कशावरून? हल्ली आवाजही बनवता येतात. दादाला दे, त्याचं ऐकेन.

वहिनी, एक सांगायचं राहिलंय. तो रोज दादाची चौकशी करायचा आणि मी सांगायचो, रजेवर आहे. खरं काय ते तोंडून निघतच नव्हतं. तुमच्याकडे भेटायला माणसं आली की मी आत निघून जायचो, ते त्यामुळेच.

आज बोललो. "दादा गेला. महिना झाला. मी खोटं सांगत होतो." आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडलो.

तो म्हणाला, "तू खोटा असतास तर त्याचाच आवाज काढला असतास." आणि तिकडे ओरडला, माणूस खरा आहे, थांबवा. आमचे साहेब माझ्या खांद्याशी उभं राहून ऐकत होते. त्यांनीही लगेच वर कळवलं, हल्ला नाही.

अर्धा तास झाला तरी काही पडलं नाही, तेव्हा वर्षातून एकदा हसणारे साहेब टेबलावर चढून गायले. बेसूर. पलीकडच्याने दादाचा एखादा विनोद मागितला. ऐनवेळी मला तुमच्या घोरण्याचाच आठवला. माफ करा, दोन देश हसले.

रविवारी येतो. कुणी भेटायला आलं तर या वेळी बाहेरच बसेन.

आत्ता खिडकी उघडी टाकून एकटाच जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

तुमचा धाकटा दीर