महापौरांचे गाढवाचे कान

हेलसिंकी

तीर्थरूप अप्पांना दानेश्वरीचे शरणु शरणार्थी.

शिक्षकांच्या दौऱ्यात मी मजेत हाय. थंडी सोसते, भाकरीची तेवढी आठवण येते. अव्वा गुडघा दाखवायला राजारामपुरीत गेलती का?

काल इथल्या आइनोबाईंच्या चित्रकलेच्या तासाला बसले. एका मुलीनं महापौरांना गाढवाचे कान काढले. बाईंनी एवढंच विचारलं, "कान आणखी लांब हवेत का?" ना हेडमास्तर आले, ना पालकांना बोलावणं गेलं. अप्पा, माझा नुसता जळफळाट झाला.

आपल्या शाळेत 'माझं सुंदर गाव' स्पर्धेला माझ्या वर्गातल्या सौंदर्यानं चित्रात रस्त्यातले खड्डे काढलेले. "साहेब बघायला येणार हाईत," म्हणून मीच तिला ते करड्या रंगानं बुजवायला लावले. बक्षीस मिळालं, पण पोरीनं त्यानंतर ब्रश हातात धरला न्हाई.

"तुमची मुलं काय काढतात?" आइनोबाईंनी विचारलं. "मनाला येईल ते," मी चक्क खोटं बोलले. त्या कुणाला भीत न्हाईत, त्याचाच हेवा वाटतो.

सोबतची चिठ्ठी सौंदर्याला नेऊन द्या. तिची माफी मागितली हाय, आणि खड्डे परत काढ म्हणून लिहिलंय. साहेबांना काय सांगायचं ते मी आल्यावर बघते की.

तब्येतीला जपा.

तुमची लेक,
दानेश्वरी